वरचे सहा दात

२२ नोव्हेंबर २००९, रविवार

तिरोड्याच्या पाहुण्यांचा निरोप आला. नकार. मध्यस्थाने कारण सांगितलं नाही आणि आईने विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? आमच्या टोल्यातल्या, गावाबाहेरच्या या वस्तीतल्या, पोरींना नकार एकाच कारणाने येतो आणि ते कारण ओठ उघडले की दिसतं. पिवळे असते तरी चाललं असतं. आमचे तपकिरी आहेत, मधे पांढुरके पट्टे, कडेला बारीक खड्डे. शाळेजवळच्या पंपाचं पाणी पिऊन वाढलेल्या सगळ्यांचे असेच. नवेगाव बांधच्या बाजारात आम्हाला 'लाल दातवाले' म्हणतात. भाजीवालीसुद्धा आधी दाताकडे बघते, मग नोटेकडे.

ही वही डी.एड.च्या वेळची, अर्धी कोरी राहिलेली. बोलायला तोंड उघडावं लागतं, लिहायला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तेवीस वर्षांची. चौथीला शिकवते, तेही तोंडावर हात धरून. मागच्या आठवड्यात एका पोरीला कविता म्हणायला उभं केलं तर तिनेही तोंडावर हात धरला. तिला वाटलं, कविता अशीच म्हणायची असते.

बाबा आज यादी करत बसले होते. सहा वर्षांपासून ते पंपाच्या पाण्याबद्दल अर्ज पाठवतात, वर कोणी वाचत नाही. आता दात बिघडलेल्यांची नावं घरोघर लिहून जोडणार आहेत. मी म्हटलं, "बाबा, माहं नाव नोका टाकू. कागद कोनाच्या बी हातात पडते." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. नंतर यादी पाहिली तर ती दोन नंबरापासून सुरू! दोन अल्का, तीन रुक्माबाई, चार जमुनाबाई. म्हणजे धाकटी बहीण, आई आणि शेजारीण. एकचा पत्ताच नाही. माझ्या बापाचं गणित कच्चं ते कच्चंच. मी हसले. घरात हसायला हरकत नसते.

३ डिसेंबर

गोंदियाला जाऊन आले. घरी शाळेचं काम सांगितलं होतं. गेल्या वर्षीच्या शिकवण्यांचे पैसे रुमालात बांधून नेले आणि दातांच्या डॉक्टरीणबाई टीना मॅडम यांच्यासमोर खुर्चीत आडवी झाले. तोंड उघडायलाच मला किती वेळ लागला. त्या थांबल्या.

मग म्हणाल्या, "ये घिसने से नहीं जाएगा बेटा. पानी का फ्लोराइड है, बचपन से दाँत के अंदर बैठा है. इसमें आपका कोई कसूर नहीं."

माझा दोष नाही, हे बाबा सहा वर्षं सांगत आले. पण बापाने सांगितलेलं कोण ऐकतं? परक्या बाईने हिंदीत सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

वरचे समोरचे सहा करायचे ठरले. खालचे बोलताना ओठाआड राहतात, ते तसेच ठेवले. मॅडमनी रंगांची पट्टी दाताला लावून पाहिली. मी सगळ्यात पांढरा दाखवला तर म्हणाल्या, एवढा पांढरा फक्त जाहिरातीत असतो. आधी दातांवर निळसर औषध लावलं, धुतलं, मग कंपोझिट नावाचा लोण्यासारखा मसाला बारीक अवजाराने थापला. एकेका दातावर निळा उजेड धरला की तो मसाला तिथेच दगड होतो. तीन तास गेले. शेवटी घासून चकचकीत केले आणि आरसा दिला. आरशात माझंच तोंड होतं, पण जणू दुसऱ्या गावात जन्मलेलं.

मॅडम म्हणाल्या, हे जन्मभराचं नाही, चार-पाच वर्षं. चहा-हळदीने रंग धरेल, कडक काही फोडायचं नाही. मग विचारलं, "पूरे गाँव में ऐसे ही दाँत हैं? तो मैं लिखके देती हूँ ना. मरीज़ का नाम डालके, मेरी सही के साथ. पिताजी को काम आएगा."

असा एक कागद मिळावा म्हणून बाबांनी किती दवाखान्यांचे उंबरे झिजवले. कोणी लिहून देत नव्हतं. आणि मी म्हटलं, "नाही मॅडम, राहू द्या." नाव टाकावं लागेल म्हटल्यावर माझी जीभ आपोआप वळली.

एस.टी.त खिडकीच्या काचेत दात बघत आले. शेजारची बाई सरकून बसली. वेडी समजली असेल.

४ डिसेंबर

घरी सांगितलं, डॉक्टरने मशीनने साफ करून दिले. वरून काही बसवलंय म्हटलं असतं तर 'नकली दात' झाले असते. टोल्यात नकली दात एकट्या खुशालबुवांना आहेत, आणि पोरं त्यांना काय म्हणतात ते लिहवत नाही. साफ केले म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

आई रडली आणि मीठमोहऱ्या घेऊन ओवाळायला निघाली, तिला थांबवलं. अल्का चौदा वर्षांची आहे, तिने बोट लावून पाहिलं. "माहे बी निघतीन का व ताई?" मी म्हटलं, दहावी झाली की तुलाही नेईन.

बाबांनी मला दारात उजेडाला उभं केलं. मी खालचा ओठ वर ओढून धरला.

"घासून निघाले?"

"हो."

"पुरे निघाले?"

"हो बाबा."

"म्हंजे वरूनच होतं ते," असं काहीतरी म्हणून ते बैलांना चारा टाकायला गेले. आनंद झाला असेल, पण बोलून दाखवायची त्यांना सवय नाही.

१३ डिसेंबर

उपकेंद्रात नवीन नर्सबाई बदलून आल्या आहेत, शामकलाबाई. आज लस द्यायला टोल्यात आल्या. आवाज असा की लसीआधीच पोरं रडतात. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माय व! या टोल्यात तू एकलीच पोट्टी दात घासते का?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, मी तोंड न झाकता.

नर्सबाईंचा भाचा सालेकशाला रेल्वेत आहे, गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन. संघदीप नाव. जाताना आईच्या कानाला लागल्या, "पोट्टी पाहून राहिली मी त्याच्यासाठी. पाठवू काय?"

आईने आज भाजीत दोनदा मीठ टाकलं.

२० डिसेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. आमच्याकडे पाहुणे येणार असले की पंपाचं पाणी देत नाहीत. पलीकडच्या विहिरीचं आणतात, दीड कोसावरून. मार्चपासून ती आटते, म्हणून टोल्यातली लग्नं ठरतात ती हिवाळ्यातच. अल्काने पहाटे दोन गुंड भरून पाणी आणलं.

संघदीप उंच आहे, हळू बोलतो. मला त्याच्या हातांवरचं काळं ग्रीस आवडलं. घासून आला होता तरी नखांत राहिलं होतं आणि तो ते लपवत नव्हता. मोठ्या माणसांनी आम्हाला परसात बोलायला पाठवलं. मी कशावर तरी हसले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग विचारलं, "इथल्या पंपाचं पानी तुमी बी लहानपनापासून पेता?"

"हो. काऊन?"

"काई नाई." थोडा वेळ पायाने माती उकरली. "काई सांगायचं असंन त सांगा. मी वाईट मानत नाई."

मला वाटलं, कोण्या पोराबद्दल विचारतो आहे. म्हटलं, "तसं काई नाई जी. मी घर ते शाळा." तो "बरं" म्हणाला. चांगल्या मनाचा वाटला.

साखरपुडा सात फेब्रुवारीला, विहारात.

८ जानेवारी २०१०

आजचं लिहू नये असं वाटतं. लिहिते.

बाबांच्या सहा वर्षांच्या अर्जांना पहिल्यांदा पाय फुटले. पाहणीला माणसं आली, एक पाण्याचे साहेब, एक डॉक्टर आणि सोबत शामकलाबाई. दातांचा डॉक्टर नव्हता. बाबांनी सकाळपासून विहारापुढचं अंगण झाडलं, खुर्च्या मांडल्या, धुतलेला सदरा घातला. यादी खिशात होती. पोरांची रांग लावली. अल्का रांगेत तिसरी.

डॉक्टरांनी जमुनाबाईला विचारलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का? ती बिचारी खरं बोलली, "खातो जी कधीमधी." पहिलीतल्या पोरांनी कोणता खर्रा खाल्ला ते त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यात शामकलाबाईंनी मला बायांमधून मनगट धरून ओढलं.

"साहेब, पान्याचं काई नाई. हे पाहा. याच टोल्याची, याच पंपाचं पानी पेऊन वाढली. माही सूनबाई होनार हाये. दाखव बेटा."

मी दाखवले. वरचे सहा. दोन हात लांबून. डॉक्टरांनी 'तोंड उघड' म्हटलं असतं तर खालच्या दातांनी सगळं सांगितलं असतं. ते म्हणाले नाहीत. कागदावर लिहीत म्हणाले, "मग पाण्याचा काय संबंध? हे लोक दात घासत नाहीत, दुसरं काय."

'हे लोक' म्हणताना ते माझ्याकडे बघून म्हणाले. म्हणजे मी त्यात नव्हते. आणि मला क्षणभर बरं वाटलं. हे मी कोणाला कधी सांगणार नाही, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

नंतर पोरांना म्हणाले, "रोज घासा. जोर लावून. या ताईसारखे होतील."

बाबांनी यादी खिशातून काढलीच नाही. साहेबांना चहा दिला, गाडीपर्यंत पोचवलं आणि सगळ्या खुर्च्या एकट्याने उचलून ठेवल्या.

९ जानेवारी

सांगायला हवं होतं. साखरपुडा झाला की सांगेन. साखरपुडा झाल्यावर कोणी मोडत नाही.

हे लिहून वर वाचलं आणि स्वतःचीच किळस आली.

१४ जानेवारी

बाबांनी अर्जांची पिशवी वर पाटणावर, छताखालच्या माळ्यावर टाकून दिली, धान्याच्या रिकाम्या कोठीमागे. आई म्हणाली, काऊन? तर म्हणाले, "घान होती त घानच होती. मी उगाच सहा वर्सं लोकायले सांगत फिरलो." मी चुलीत लाकूड सारत होते. मान वर केली नाही.

अल्काचं काय बिनसलंय कळत नाही. दंतमंजनाचा डबा सहा दिवसांत संपवला. जेवताना तिखट झोंबतं म्हणून ताट सरकवते. वयच नखऱ्याचं आहे.

१९ जानेवारी

नखरे नव्हते ते.

आज सकाळी आंघोळीला पाणी घ्यायला मागे गेले. अल्का गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. समोर दगडावर छपराच्या फुटक्या कवेलूचा चुरा, लाल, बारीक वाटलेला. बोटाने घेऊन दात घासत होती, जोर लावून, डॉक्टरांनी सांगितला तसा. हनुवटीवरून लाल ओघळ चालला होता. मला कवेलूचा रंग वाटला. तो कवेलूचा नव्हता. हिरड्या सुजून फाटल्या होत्या.

मी हात धरला तर म्हणाली, "बारा दिवस झाले ताई. माहे काऊन निघत नाई? तू कायनं घासली व?"

मी खाली बसले. खालचा ओठ बोटाने ओढून तिला दाखवला. म्हटलं, निघत नाहीत ते, माझेही निघाले नाहीत. वरचे झाकले आहेत.

तिने वाकून पाहिलं. मग माझ्या वरच्या दातांवर नखाने टकटक केलं.

"मंग त्या दिवशी तू बोलली काऊन नाई?"

तिचं तोंड धुऊन दिलं. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायला लावल्या.  

२१ जानेवारी

पुन्हा गोंदिया. टीना मॅडमना म्हटलं, तो कागद लिहून द्या, माझं नाव टाकून. त्यांनी लगेच लिहिला. मग म्हटलं, एक दात उघडा करा.

"खराब हुआ क्या?"

"नाही. मला दाखवायचा आहे."

"सामने का? पागल हो क्या? पीछे का करो."

"समोरचाच करा मॅडम. दोन हात लांबून दिसला पाहिजे."

दहा मिनिटं मशीन घरघरलं. बसवताना जे दगडासारखं झालं होतं त्याचं पीठ झालं. खालून माझा जुना दात निघाला. पाच पांढऱ्यांमधे एक तपकिरी. सगळे तपकिरी होते तेव्हा माणसं एकदा बघून मान फिरवत. आता एस.टी.त प्रत्येक जण दोनदा बघत होता. कंडक्टरने तर तिकीट देऊन पुन्हा वळून पाहिलं.

घरी आल्याबरोबर बाबांना सगळं सांगितलं. झाकलं होतं ते, साफ केले म्हणून खोटं सांगितलं ते, कागद नाकारला तोही. मला वाटलं रागावतील, एखादी थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. एवढंच विचारलं, "मंग मी खोटा नव्हतो?"

"नाही बाबा."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ ते तोंडावरून काढलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा. ग्रामसेवकांनी पाहणीचा कागद वाचला. टोल्यातील पंपाबाबत तक्रारीत तथ्य आढळत नाही, दातांवरील डाग अस्वच्छतेमुळे. नवीन नळाच्या यादीतून टोला वगळण्यात येत आहे. पुढचा विषय.

मी उभी राहिले.  हात सवयीने तोंडावर गेला, तो खाली घेतला.

म्हटलं, "साहेबांनी माझे दात पाहून लिहिलं. ते माझे नव्हते. वरून लावलेले होते. आतला हा आहे." आणि दाखवला. मग तोंड उघडून खालचेही दाखवले. टिळकांच्या फोटोखाली बसलेल्या शाळेच्या पोरांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांनी पाहिलं. मागून कोणीतरी हसलं. मी टीना मॅडमचा कागद वाचला. त्यातलं माझं नावही वाचलं.

भैय्यालाल सरपंच म्हणाले, "अरे, पहले क्यूँ नहीं बताया?" मी म्हटलं, "लग्न मोडेल म्हणून." त्यांनी कागद ग्रामसेवकांकडे सरकवला.

कागदाची नोंद घेतली. पाण्याचा नमुना परत जाईल, या वेळी दातांचा डॉक्टर येईल असं ठरलं. ठरलं म्हणजे झालं नाही, हे बाबांची मुलगी असल्यामुळे मला माहीत आहे.

बाहेर शामकलाबाई उभ्या होत्या. आवाज पहिल्यांदा बारीक होता. "भर सभेत माहं तोंड काळं केलं पोरी. मी तुह्या भरवशावर बोलली होती." मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

२ फेब्रुवारी

संघदीपचा फोन आला. मी आधीच म्हणाले, माझं चुकलं. तो म्हणाला, "दातायचं काई नाई. मले खालचे पहिल्याच दिवशी दिसले होते, तुमी हासल्या तवा. म्हनून त विचारलं."

मला तेव्हा कळलं, परसात तो काय विचारत होता.

"लपवलं, ते बी मी समजू शकतो," तो म्हणाला. "पन त्या दिवशी लहान लहान पोरायले घानेरडे म्हनून राहिले होते, अन् तुमी त्याइच्या समोर उभ्या होत्या. ते मले जमत नाई. माफ करा." मग म्हणाला, "कागद वाचला ते चांगलं केलं." आणि ठेवला.

भांडला असता तर मी भांडले असते.  आईला सांगितलं तर ती माझ्यावर ओरडली, मग त्याच्यावर, मग पंपावर.

७ फेब्रुवारी, रविवार

आज साखरपुडा होता. तो नाही. दिवसभर घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही, म्हणून दिवसभर तोच घरात होता.

दुपारी बाबा पाटणावर चढले आणि पिशवी घेऊन उतरले. धूळ झटकली. म्हणाले, "परवा दाताचा डॉक्टर येनार हाये म्हनते. यादी पाह्यजे. माहं अक्षर त्याइले वाचता येत नाई. तू लिव."

मी जुनी यादी समोर घेतली. एक्केचाळीस नावं, दोनपासून बेचाळीसपर्यंत. वर पहिली ओळ. तिथे बाबांनी '१' लिहिलेला होता, पेन्सिलने, अगदी बारीक, आणि पुढे सगळी ओळ मोकळी सोडली होती. नोव्हेंबरमधे मी या यादीला हसले होते. तेव्हा मला तो आकडा दिसलाही नव्हता.

मी बाबांकडे पाहिलं. ते बिडी शोधत होते, म्हणजे शोधल्यासारखं करत होते.

अल्का शेजारी येऊन बसली. तिच्या हिरड्या भरून येत आहेत, पण ती अजून माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. तिने पेन माझ्या हातात दिलं.

पहिल्या ओळीवर लिहिलं, मोनाली केवळराम, वय तेवीस. पाणी कोणत्या पंपाचं, या रकान्यात लिहिलं, शाळेजवळच्या.

"पुढचं सांगा," मी म्हटलं.

"दोन," अल्का म्हणाली. "अल्का केवळराम."